वेस्टर्न ब्लॉटमध्ये नको ते बँड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केळीच्या पानातला विषाणू, बीटी कपाशीतले कीडनाशक क्राय प्रथिन, रक्ताचे नमुने, नाहीतर साधे पेशींचे कल्चर. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रयोगशाळांत ब्लॉट लावणाऱ्यांकडे नमुने वेगवेगळे असतात, तक्रार मात्र एकच असते: हवा तो बँड आला, पण त्याच्यासोबत आणखी दोन-चार आले. खालची उत्तरे त्यांच्यासाठी आहेत. ब्लॉट, म्हणजे नमुन्यातली प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवणे आणि हवे ते प्रथिन अँटिबॉडीने शोधणे, कसा लावायचा हे तुम्हाला येते असे धरले आहे.

जादा बँड दिसला. सगळ्यात आधी काय बदलू?

काहीच बदलू नका. अँटिबॉडी वाईट निघाली असे ठरवून दुसरी मागवणे, डायल्यूशन अंदाजाने वाढवणे, ब्लॉकिंग रात्रभर ठेवणे हे सगळे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. बँड नमुन्यातून आला, प्रायमरीमुळे (प्रथिनाला धरणारी पहिली अँटिबॉडी) आला, सेकंडरीमुळे (प्रायमरीला धरणारी दुसरी) आला की डिटेक्शनमधून आला, एवढे आधी ठरवा. त्यासाठी एक जेल आणि एक दिवस पुरतो.

एकच नमुना चार लेनमध्ये घाला. मध्ये एकेक लेन रिकामी सोडा आणि तिच्यात नुसता सॅम्पल बफर भरा. ट्रान्सफर झाल्यावर मेम्ब्रेन पाँसो-एसमध्ये (०.१ टक्का, ५ टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये) पाच मिनिटे ठेवा. लेनच्या कडा दिसल्या की पेन्सिलीने खुणा करा आणि चार पट्ट्या कापा. पहिल्या पट्टीला नेहमीचा पूर्ण प्रयोग. दुसरीला प्रायमरी नाही, फक्त सेकंडरी. तिसरीला कुठलीच अँटिबॉडी नाही, थेट ईसीएल (प्रकाश देणारे सब्स्ट्रेट). चौथीला प्रायमरीच्या जागी त्याच प्राण्याचा साधा आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटिबॉडी), प्रायमरीइतक्याच मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरने. प्रायमरी शुद्ध न केलेला सिरम असेल, तर चौथ्या पट्टीला त्याच सशाचा लस टोचण्यापूर्वीचा सिरम वापरा, डायल्यूशन तेच.

शेवटी चारही पट्ट्या शेजारी ठेवून एकाच वेळी, एकाच एक्स्पोजरने फोटो घ्या. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे चार फोटो जुळवत बसलात तर या प्रयोगाला काही अर्थ उरत नाही.

जादा बँड तिसऱ्या पट्टीत दिसला तर दोष डिटेक्शनचा किंवा नमुन्यातल्या हीमचा आहे. दुसरीत दिसतो पण तिसरीत नाही, तर सेकंडरीचा. फक्त पहिली आणि चौथी या दोनच पट्ट्यांत असेल, तर त्या प्राण्याचा आयजीजीच नमुन्याला चिकटतो आहे. आणि फक्त पहिलीतच असेल, तर प्रायमरी खरोखर कशाला तरी ओळखते आहे. ते तुमचेच प्रथिन आहे की दुसरे, हा पुढचा प्रश्न.

फक्त सेकंडरीच्या पट्टीत ५० आणि २५ किलोडाल्टनला ठळक बँड आहेत.

ही आयजीजीची हेवी आणि लाइट चेन आहे. नमुन्यातच अँटिबॉडी आहे आणि तुमची सेकंडरी तिला पकडते. उंदराच्या यकृताचा किंवा प्लीहेचा नमुना, त्यावर उंदराची मोनोक्लोनल आणि मग अँटि-माउस सेकंडरी, असे असेल तर हे होणारच. इम्युनोप्रेसिपिटेशननंतरच्या (आयपी, म्हणजे मण्यांवरच्या अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढणे) ब्लॉटमध्येही हेच होते, कारण मण्यांवरची अँटिबॉडी उकळताना सुटून नमुन्यात येते.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे सशातली प्रायमरी आणि अँटि-रॅबिट सेकंडरी, तीही नमुन्याच्या प्राण्याविरुद्ध क्रॉस-अॅब्सॉर्ब्ड, म्हणजे त्या प्राण्याच्या आयजीजीला चिकटणारा भाग काढून टाकलेली. आयपीसाठी लाइट-चेन-स्पेसिफिक सेकंडरी घेतली की ५० चा बँड जातो, पण २५ चा राहतो. म्हणून तुमचे प्रथिन कुठे येते ते पाहून निवड करा. थेट एचआरपी (ईसीएलमधून प्रकाश काढणारे पेरॉक्सिडेझ एन्झाइम) जोडलेली प्रायमरी मिळत असेल तर सेकंडरीची गरजच संपते.

वनस्पतीच्या नमुन्यात आयजीजी नसतो. तिथे फक्त सेकंडरीच्या पट्टीत बँड आला तर बहुतेक वेळा सेकंडरी जास्त झालेली असते. १:२००० ने वापरत असाल तर १:१०,००० आणि १:२०,००० करून पाहा. आजच्या संवेदनशील ईसीएलला १:२००० म्हणजे फार झाली.

कुठलीच अँटिबॉडी नसलेल्या पट्टीतही प्रकाश दिसतो. हे कसे शक्य आहे?

ईसीएलला पेरॉक्सिडेझसारखे वागणारे काहीही चालते, आणि हीम तसे वागते. सायटोक्रोम-सीमध्ये हीम प्रथिनाला सहसंयुज बंधाने जोडलेले असते, त्यामुळे एसडीएसमध्ये उकळले तरी ते सुटत नाही. १२ किलोडाल्टनच्या आसपास फिकट बँड येतो. रक्त न धुता काढलेल्या ऊतींत हिमोग्लोबिनचे उरलेले हीमही असाच त्रास देते. ऊती काढल्याबरोबर थंड पीबीएसने लाल रंग जाईपर्यंत धुवा. तरीही राहिले तर ब्लॉकिंगआधी मेम्ब्रेन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १० ते १५ मिनिटे ठेवा आणि टीबीएसटीने (ट्वीन घातलेला टीबीएस बफर) तीनदा धुवा. फ्लुओरेसंट सेकंडरी आणि तसा स्कॅनर उपलब्ध असेल तर ही भानगडच नको.

बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन वापरणाऱ्यांनी आणखी एक पट्टी काढावी, नुसत्या स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपीची. पेशीत स्वतःची बायोटिनवाली कार्बोक्झिलेझ एन्झाइम असतात. पायरुव्हेट कार्बोक्झिलेझ १३० च्या आसपास आणि आणखी दोन ७५ च्या आसपास हमखास दिसतात. पुष्कळ जण या बँडना नवे लक्ष्य समजून महिनोन्‌महिने त्यांच्या मागे लागतात.

केळीच्या पानात सीएमव्हीचे कोट प्रथिन शोधतो आहोत. २४ किलोडाल्टनला बँड आहे, पण ५० ते ५५ लाही आहे, आणि निरोगी झाडातही काहीतरी दिसते.

रावेर-यावल पट्ट्यात ज्याला हरण्या म्हणतात तो हाच कुकुंबर मोझॅक विषाणू. त्याचे कोट प्रथिन २१८ अमिनो आम्लांचे आहे, म्हणजे साधारण २४ किलोडाल्टनचे. ५० ते ५५ च्या बँडची कारणे दोन, आणि दोन्ही ओळखता येतात.

पहिले कारण म्हणजे डायमर. कोट प्रथिनाचे दोन रेणू पूर्ण सुटे झाले नाहीत तर बँड ४८ च्या आसपास येतो. दुसरे कारण रुबिस्को. हिरव्या पानातले हे सगळ्यात मुबलक प्रथिन, त्याची मोठी उपघटकसाखळी ५२ ते ५५ च्या दरम्यान. पाँसो केल्यावर जो जाड लाल पट्टा दिसतो तो हाच. अँटिबॉडीचे लक्ष्य तो असतोच असे नाही, पण एवढ्या प्रमाणात असलेल्या प्रथिनाला जरा जरी चिकटणारे काही असले तरी ते दिसते.

दोन्ही वेगळे करायला निरोगी झाडाची लेन लागते. बँड फक्त रोगट लेनमध्ये असेल तर डायमरचा संशय घ्या, डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारा रिड्यूसिंग एजंट) वाढवून पुन्हा उकळा. निरोगी लेनमध्येही तेवढाच असेल तर तो झाडाचा आहे, विषाणूचा नाही.

आता ‘निरोगी’ म्हणजे काय, यावर घोडे अडते. शेजारच्या बागेतले हिरवेगार झाड निरोगी धरू नका. लक्षणे न दिसणारे झाडही बाधित असू शकते, आणि मावा तर एका झाडावरून दुसऱ्यावर जातोच. टिश्यू कल्चरचे ग्रँड नैन रोप जाळीत वाढवून आरटी-पीसीआरने निगेटिव्ह ठरवलेले असेल तेच घ्या. बांधावर काकडी-गिलके असेल तर आणखी सावध राहा, ही पिके याच विषाणूची यजमान आहेत.

निरोगी पानातला बँड येतो कुठून? पॉलिक्लोनल सिरम तयार करताना विषाणू तंबाखू किंवा काकडीवर वाढवून शुद्ध केलेला असतो. शुद्ध म्हटले तरी त्यात वनस्पतीची थोडी प्रथिने राहतातच. सशाला तीही टोचली जातात आणि ससा त्यांच्याविरुद्धही अँटिबॉडी बनवतो. तीच केळीतल्या मिळत्याजुळत्या प्रथिनांना धरते.

उपाय म्हणजे सिरम निरोगी पानात मुरवणे. निरोगी केळीच्या पानांची अॅसिटोन पावडर करा: पाने थंड अॅसिटोनमध्ये वाटायची, सेंट्रिफ्यूज करायची, पुन्हा अॅसिटोनने धुवायची, हिरवा रंग गेला की वाळवून बारीक करायची. कामाच्या डायल्यूशनला आणलेल्या अँटिबॉडीत दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम पावडर घाला. ४ अंशावर रात्रभर फिरवत ठेवा, मग १०,००० जी ला १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव वापरा. मूळ विषाणू तंबाखूवर वाढवलेला असेल तर तंबाखूच्या पानाची पावडरही वापरावी लागते, कारण सशाने मुळात पाहिलेली प्रथिने त्या झाडाची आहेत. एकदा मुरवून बँड फिकट झाला पण गेला नाही, तर दुसऱ्यांदा मुरवा.

केळीच्या पानाची स्वतःची अडचण वेगळीच. चिक आणि फिनॉल भरपूर. हवा लागली की फिनॉल ऑक्सिडाइझ होऊन प्रथिनांना चिकटतात आणि बँडऐवजी लेनभर तपकिरी ओढ पडते. एक्स्ट्रॅक्शन बफरमध्ये २ टक्के पीव्हीपीपी (फिनॉल शोषणारी पावडर) आणि २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल हवेच. स्वच्छ ब्लॉट हवा असेल तर फिनॉल पद्धत वापरा: बफरमध्ये वाटलेले पान समान आकारमानाच्या संतृप्त फिनॉलसोबत हलवायचे, फिनॉलचा थर काढून त्यात ०.१ मोलर अमोनियम अॅसिटेट असलेले मिथेनॉल पाचपट घालायचे, उणे २० अंशावर रात्रभर ठेवायचे, मग साका मिथेनॉलने आणि अॅसिटोनने धुवायचा. फिनॉल हातावर पडले तर भाजते. हातमोजे आणि फ्यूम हूड, दोन्ही.

नुसते विषाणू आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर एवढा खटाटोप नको. १०० मिलिग्रॅम पान ३०० मायक्रोलिटर गरम २एक्स सॅम्पल बफरमध्ये थेट वाटा आणि ९५ अंशावर पाच मिनिटे ठेवा. प्रोटिएझला (प्रथिने तोडणारी एन्झाइम) काम करायला वेळच मिळत नाही.

अपेक्षित बँडच्या खाली दोन-तीन लहान बँड येतात.

बहुतेक वेळा प्रथिन तुटलेले असते. कपाशीतले क्राय१एसी याचे ठळक उदाहरण. पूर्ण प्रथिन १३० किलोडाल्टनच्या आसपास, आणि ट्रिप्सिनसारख्या प्रोटिएझला न जुमानणारा त्याचा गाभा ६५ च्या आसपास. पान शेतातून प्रयोगशाळेत येईपर्यंत, वाटताना किंवा वाटल्यावर टेबलावर, पानातलीच प्रोटिएझ वरचा भाग खातात आणि ६५ चा बँड जाड होत जातो. बियाण्यात दुसरेच जनुक आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका.

तपासायला सोपी युक्ती आहे. वाटलेल्या नमुन्याचे तीन भाग करा. एक लगेच सॅम्पल बफर घालून उकळा, एक अर्धा तास आणि एक दोन तास खोलीच्या तापमानाला ठेवून मग उकळा. वेळेसोबत वरचा बँड बारीक आणि खालचा जाड होत गेला, तर चोर सापडला.

रोखायचे कसे? पान तोडले की लगेच बर्फात, शक्य असेल तर ड्राय आइसमध्ये. पीएमएसएफ (प्रोटिएझ रोखणारे रसायन) १ मिलिमोलर, पण तो आयत्या वेळी घाला. पाण्यात तो टिकत नाही: २५ अंशावर आणि पीएच ८ ला साधारण ३५ मिनिटांत निम्मा संपतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलेला पीएमएसएफ असून नसल्यासारखा. आयसोप्रोपेनॉलमध्ये १०० मिलिमोलर साठा करा, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १७.४ मिलिग्रॅम, आणि उणे २० ला ठेवा. खडे पडले तर गरम करून विरघळवा, मग घ्या. पीएमएसएफ फक्त सेरीन प्रोटिएझ आणि काही सिस्टीन प्रोटिएझ थांबवतो. वनस्पतीत बाकीचीही असतात, म्हणून तयार कॉकटेल आणि ५ मिलिमोलर ईडीटीए सोबत हवे.

एक गोष्ट सगळे विसरतात. सॅम्पल बफर घातला म्हणजे नमुना सुरक्षित झाला असे नाही. एसडीएसमध्ये प्रथिने उलगडतात, पण काही प्रोटिएझ तेवढ्यावर मरत नाहीत. उलगडलेले प्रथिन त्यांना खायला आणखी सोपे. बफर घालून ट्यूब रॅकमध्ये ठेवली आणि चहाला गेलात, तर खालचे बँड तुम्हीच तयार केले. घालताक्षणी ९५ अंश, पाच मिनिटे.

वरच्या बाजूला, दुप्पट वजनाला किंवा थेट वेलच्या तळाशी बँड अडकतो.

आधी रिड्यूसिंग एजंटचे वय पाहा. बाटली सहा महिने उघडी-बंद होत असलेला बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल भरवशाचा नाही. डीटीटीचा १ मोलर साठा, म्हणजे मिलिलिटरला १५४ मिलिग्रॅम, छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला ठेवा आणि नमुन्यात शेवटी १०० मिलिमोलर होईल असा घाला. बँड गेला तर तो डायसल्फाइड डायमर होता.

गेला नाही, आणि प्रथिन पेशीपटलातले, म्हणजे पटल अनेक वेळा आरपार ओलांडणारे असेल, तर उकळणेच बंद करा. अशी प्रथिने ९५ अंशावर एकमेकांना चिकटून गोळा होतात. ३७ अंशावर ३० मिनिटे किंवा ७० अंशावर १० मिनिटे करून पाहा. नमुना चिकट, तारा सुटणारा असेल तर तो डीएनए आहे. सोनिकेशन करा किंवा बारीक सुईतून दहा-बारा वेळा ओढा.

जादा बँड खरा, म्हणजे माझ्याच प्रथिनाचा असू शकतो का?

असू शकतो, आणि ही शक्यता लवकर पुसून टाकू नये. क्रमावरून काढलेले वजन आणि जेलवरचे वजन यांत फरक असतोच. मानवी पी५३ चे क्रमानुसार वजन ४४ किलोडाल्टनच्या आत, जेलवर ते ५३ ला येते आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. एलसी३ चे उलटे: लिपिड जोडलेले एलसी३-२ वजनाने जास्त, पण जेलवर एलसी३-१ च्या खाली धावते. अॅपॉप्टोसिसमध्ये पार्प ११६ वरून ८९ होतो, कॅस्पेज-३ ३५ वरून १७ ते १९ वर येतो. हे जादा बँड घालवायचे नसतात, मोजायचे असतात.

युनिप्रॉटवर (प्रथिनांचा ऑनलाइन डेटाबेस) प्रथिनाचे पान उघडा आणि तीन गोष्टी पाहा: आयसोफॉर्म किती आणि कोणत्या वजनाचे, सिग्नल पेप्टाइड किंवा प्रोपेप्टाइड आहे का, ग्लायकोसायलेशनच्या जागा किती. मग तुमच्या अँटिबॉडीचा एपिटोप, म्हणजे ती धरते ती जागा, कुठल्या भागात आहे ते पाहा. सी-टोकाची अँटिबॉडी एन-टोकाचा तुकडा कधीच दाखवणार नाही.

बँड पसरट, धूसर आणि अपेक्षेपेक्षा वर असेल तर पीएनजीएझ-एफ लावा. एन-ग्लायकेन गेले की बँड खाली सरकतो आणि आखूड होतो. दोन बँड अगदी जवळ, एक-दोन किलोडाल्टनच्या अंतराने असतील तर लॅम्डा फॉस्फेटेझ ३० अंशावर ३० मिनिटे. वरचा बँड खालच्यात मिळून गेला तर तो फॉस्फोरायलेशनचा होता. दोन्हींत एन्झाइम न घातलेली पण तेवढाच वेळ तापवलेली लेन शेजारी हवीच. फॉस्फेटेझच्या प्रयोगात सोडियम व्हॅनाडेट आणि फ्लोराइड घातलेला नमुना वापरू नका, एन्झाइम तिथेच अडते. साधारण ८ किलोडाल्टनच्या पायऱ्या वर चढत गेलेल्या दिसल्या तर युबिक्विटिन आठवा.

प्रायमरी किती पातळ करायची?

माहितीपत्रकावरचा १:१००० हा प्रारंभ आहे, आज्ञा नाही. शिवाय गुणोत्तरापेक्षा मात्रा मोजा. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची अँटिबॉडी १:१००० ला १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होते, ०.२ ची तीच १:१००० ला त्याच्या एक पंचमांश. दोन कंपन्यांच्या अँटिबॉडी ‘एकाच डायल्यूशनला’ तोलणे म्हणूनच चुकीचे.

एकाच नमुन्याच्या पाच पट्ट्या घ्या: १:५००, १:१०००, १:२०००, १:५०००, १:१०,०००. पातळ करत जाताना खरा बँड टिकतो आणि दुबळ्या बंधाने धरलेले जादा बँड आधी विरतात. दोन्ही सारख्याच वेगाने विरत असतील तर डायल्यूशनने काम होणार नाही, हे कळले तेही बरेच झाले. लेनमध्ये प्रथिनही आखडते घ्या. २० मायक्रोग्रॅमवर काम होत असेल तर ६० घालू नका.

बँडच्या मधोमध पांढरे भोक किंवा उलटा पांढरा बँड दिसला तर तिथे एचआरपी इतकी जास्त आहे की सब्स्ट्रेट क्षणात संपले. हा कमी सिग्नल नाही, अति सिग्नल आहे. आणि दहा मिनिटांच्या एक्स्पोजरला दिसणारा जादा बँड दहा सेकंदांच्या एक्स्पोजरला नसेल, तर त्याच्यावर प्रकरण लिहायला बसू नका.

ब्लॉकिंगला दूध की बीएसए?

बहुतेक अँटिबॉडींना ५ टक्के स्किम्ड दूध पावडर, ०.१ टक्का ट्वीन-२० असलेल्या टीबीएसमध्ये, एक तास. फॉस्फो-अँटिबॉडीला बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन), कारण दुधातले केसीन स्वतः फॉस्फोप्रथिन आहे. स्ट्रेप्टाव्हिडिनलाही दूध नको, त्यात बायोटिन असते. किराणा दुकानातून आणवत असाल तर पाकीट वाचून घ्या: ‘डेअरी व्हाइटनर’ म्हणजे चहाची पावडर, तिच्यात साखर आणि फॅट असते. ती चालत नाही.

मे महिन्यात ब्लॉट घाण येतात, डिसेंबरात बरे येतात. असे खरेच होते का?

होते. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि ज्या खोलीत एसी नाही तिथले ‘खोलीचे तापमान’ ३६-३७ असते. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याच्या डोक्यात २० ते २५ अंश असतात. त्यामुळे ‘सेकंडरी एक तास खोलीच्या तापमानाला’ ही ओळ इथे जशीच्या तशी पाळू नका. उन्हाळ्यात प्रायमरी ४ अंशावर रात्रभर ठेवा, सेकंडरी एसीच्या खोलीत ४५ मिनिटे. दूध सकाळी केले तर संध्याकाळपर्यंत आंबते आणि त्याच्या गुठळ्या मेम्ब्रेनवर ठिपके पाडतात. लागेल तेवढेच आणि ताजे करा, गाळून घ्या.

ट्रान्सफर १०० व्होल्टवर तासभर चालते तेव्हा टाकीतला बफर तापतो. टाकी बर्फाच्या ट्रेमध्ये आणि आत बर्फाची वडी, दोन्ही ठेवा आणि अर्ध्या तासाने वडी बदला. जेल चालवतानाही तेच: जेल गरम होऊन बँड हसल्यासारखे वाकडे झाले की शेजारच्या लेनमधला बँड वेगळ्या वजनाचा वाटतो आणि ‘नवा बँड’ जन्माला येतो. व्होल्टेज कमी करा: स्टॅकिंगला ६० ते ८०, पुढे १००.

अँटिबॉडी मुंबई-पुण्याहून येत असेल तर सोमवार-मंगळवारी पाठवायला सांगा. शुक्रवारी निघालेले पार्सल रविवारभर गोदामात पडते. आल्याबरोबर थर्माकोलच्या डब्यातल्या जेल पॅकला हात लावून पाहा आणि तारीख-तापमान बाटलीवर लिहा. ५० टक्के ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी उणे २० ला गोठत नाही, तशीच ठेवा. ग्लिसरॉल नसलेली १०-१० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये वाटा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर टाळा, तो बर्फ वितळवायला स्वतःच वरचेवर तापतो. लाइट गेली तर फ्रीजर उघडायचा नाही, हा नियम दारावरच चिकटवा. पुन्हा पुन्हा गोठून-वितळून अँटिबॉडीचे गोळे झाले की ती मेम्ब्रेनवर कुठेही बसते. वापरण्याआधी १०,००० जी ला पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घेतला तर हे गोळे खाली राहतात.

अँटिबॉडी पुन्हा वापरायला ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालता येते, पण फक्त प्रायमरीत. एचआरपीला अझाइड मारते.

मेम्ब्रेन स्ट्रिप करून दुसरी अँटिबॉडी लावली, तर पहिलीचाच बँड पुन्हा दिसतो.

स्ट्रिपिंग पूर्ण झाले नाही. २ टक्के एसडीएस, ६२.५ मिलिमोलर ट्रिस पीएच ६.८, १०० मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, ५० अंशावर ३० मिनिटे, मग वास जाईपर्यंत धुणे. दुसरी अँटिबॉडी लावण्याआधी मेम्ब्रेन नुसत्या सेकंडरीत ठेवून ईसीएल करा. कोरे आले तरच पुढे जा. त्याहून बरे म्हणजे दुर्मिळ प्रथिन आधी आणि अॅक्टिनसारखे मुबलक शेवटी लावणे, तेही वेगळ्या प्राण्याच्या अँटिबॉडीने. किंवा वजने लांब असतील तर ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेन आडवे कापा.

रिकाम्या लेनमध्येही बँड आहे.

शेजारच्या वेलमधून नमुना सांडला. ६० च्या आसपास सगळ्या लेनभर आडवी रेघ असेल तर बहुधा केराटिन: कातडी, केस, जुना सॅम्पल बफर. बफर नवा करा आणि हातमोजे घाला.

सिकलसेलच्या नमुन्यात एचबी-एस वेगळा बँड म्हणून दिसेल का?

नाही. बीटा साखळीत एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आहे, वजनात जवळपास फरक नाही. एसडीएस-पेजवर दोन्ही १६ किलोडाल्टनलाच येतात. ३२ ला दिसणारा बँड डायमर आहे, एचबी-एस नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच लागते.

पेप्टाइडने ब्लॉक केल्यावर जादा बँडही गेला. मग तो खरा का?

यावरून सिद्ध होत नाही. पेप्टाइड अँटिबॉडीची बैठकच भरून टाकते. त्या बैठकीने ती खऱ्या प्रथिनाला धरो की दुसऱ्याला, दोन्ही बँड जाणारच. न गेलेला बँड खोटा, एवढेच या प्रयोगातून म्हणता येते.

खरा पुरावा म्हणजे ते प्रथिनच नसलेला नमुना. २०१६ मध्ये अँटिबॉडी तपासणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पाच मार्ग मांडले: जनुक बंद करणे, अँटिबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी तुलना, वेगळ्या एपिटोपच्या दुसऱ्या अँटिबॉडीशी तुलना, टॅग लावलेले प्रथिन, आणि इम्युनोकॅप्चरनंतर मास स्पेक्ट्रोमेट्री. पाचही करायची गरज नसते, तुमच्या नमुन्याला बसेल तो घ्या. नॉकआउट पेशी (ते जनुकच काढून टाकलेल्या) परवडत नसतील तर एसआयआरएनए (जनुकाचे काम तात्पुरते दाबणारा आरएनए) करा, पण सिग्नल शून्य होईल अशी अपेक्षा नको. खरा बँड ठळकपणे कमी व्हावा आणि जादा बँड तसाच राहावा, इतके पुरे. विषाणूच्या कामात निरोगी झाड हाच नॉकआउट. सोबत ई. कोलायमध्ये बनवलेले कोट प्रथिन एका लेनमध्ये ठेवा. हिस-टॅग आणि जोडणीचा तुकडा धरून ते एक ते चार किलोडाल्टनने वर येईल, त्याने दचकू नका.

प्रबंधात फक्त हव्या बँडभोवतीची चौकट कापून लावली तर चालेल?

आकृतीत कापा, पण लॅडरसह पूर्ण मेम्ब्रेनचा मूळ फोटो परिशिष्टात द्या. आता बरीच नियतकालिके तो मागतातच. जादा बँड असेल तर आकृतीच्या मजकुरात बाणाने दाखवून ‘केवळ सेकंडरीच्या नियंत्रणातही दिसतो’ असे जे निघाले ते लिहा. वहीत प्रत्येक ब्लॉटला अँटिबॉडीचा कॅटलॉग आणि लॉट क्रमांक, डायल्यूशन, एक्स्पोजरचे सेकंद आणि त्या दिवशीचे खोलीचे तापमान नोंदवा. पॉलिक्लोनलचा लॉट बदलला की पट्ट्यांचा पहिला प्रयोग नव्याने करावा लागतो.